साखरपुड्याची अंगठी आणि खड्याखालचा मळ

तुळशीचं लग्न लागलं की कोकणात साखरपुड्यांची गडबड सुरू होते. त्यानंतर चार-सहा महिन्यांनी आमच्याकडे एकाच तक्रारीची पत्रं येऊ लागतात: दुकानात लखलखणारी अंगठी आता मलूल दिसते. या वेळी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं वाचण्याआधी अंगठीचं बिल काढून जवळ ठेवा. सोनं किती कॅरेटचं आणि खडा कोणता, या दोन गोष्टी त्यावर असतात आणि पुढचं सगळं त्यांवरच ठरतं.

देवगडहून एका वाचक भगिनीचा प्रश्न: अठरा कॅरेट सोन्यात एकच हिरा बसवलेली अंगठी आहे. सहा महिने रोज घालते. घरात रोज तांदळाची भाकरी, आठवड्यातून चार दिवस मासे, शिवाय डोक्याला खोबरेल. हिरा धुरकट झालाय. बोटाने पुसला की क्षणभर बरा वाटतो, मग पुन्हा तसाच. हिरा खोटा तर नसेल? सासरी विचारायची लाज वाटते.

विचारायची गरजच नाही. खोटेपणाचं हे लक्षण नव्हे, खरा हिराही असाच वागतो. हिऱ्याला पाण्यापेक्षा तेल जवळचं. खाणीतून आलेल्या खडीतून हिरे वेगळे काढताना ही खडी पाण्याबरोबर ग्रीस थापलेल्या टेबलावरून सोडत. बाकीचे दगड वाहून जात आणि हिरे ग्रीसला चिकटून राहत. तुमच्या बोटावर तेच चाललं आहे, फक्त ग्रीसच्या जागी खोबरेल, बांगड्याची चरबी आणि हाताला लावायचं क्रीम आहे. बोटाने पुसता तेव्हा बोटाचंच तेल त्यावर चढतं.

खरा मळ तुम्ही पुसता त्या बाजूला नसतोच. हिऱ्यात वरून शिरलेला प्रकाश खालच्या तिरक्या पैलूंवर आपटून परत वर येतो, ती चमक. खालच्या पैलूंना हवा लागून असेल तर हे नीट होतं. तिथे तेलाचा थर बसला की बराचसा प्रकाश परत न फिरता खालून निसटतो आणि खडा मध्यभागी राखाडी दिसतो. म्हणून वरून कितीही पुसा, उपयोग शून्य. धुवायची आहे ती खालची बाजू.

सुरुवात गरम पाण्याने करू नका. माशाचं रक्त आणि चिकटा गरम पाण्यात शिजतो आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखा घट्ट बसतो. पिठाची खळ होते. भाकरीची उकड तर आधीच शिजलेली असते. वाळली की ती डिंकासारखी धरते आणि भिजायला वेळ मागते. म्हणून पहिली दहा मिनिटं अंगठी साध्या पाण्यात पडू द्या.

मग स्टीलच्या वाटीत साधारण २०० मिली कोमट पाणी घ्या, ४० अंशांच्या आसपास, म्हणजे बोट बुडवून निवांत ठेवता येईल इतपतच. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. जास्त टाकलं तर फेस कोंदणात अडकून राहतो आणि वाळल्यावर त्याचाच पापुद्रा धरतो. वीस ते तीस मिनिटं ठेवा. मधे पाणी गार झालं तर बदला. पायांच्या भेगांना मुठेल लावत असाल तर हे विशेष सांभाळा, कारण कोकमाचं हे तेल ४० अंशांच्या आसपास कुठे वितळतं, गार पाण्यात ते मेणासारखं चिकटूनच राहतं.

आता ब्रश. लहान मुलांचा, दुकानात मिळेल तो सगळ्यात मऊ आणि नवा. वापरलेल्या ब्रशात पेस्ट राहिलेली असते. अंगठी उलटी धरा. खड्याच्या खाली कोंदणाला भोक असतं, त्यातून ब्रशचे केस उभे आत जाऊ द्या. आडवं घासायचं नाही, टोचल्यासारखं करायचं. वीस-पंचवीस वेळा करून वाटीत बुचकळा, पुन्हा करा. पाण्यात करडा ढग उतरताना दिसेल. सहा महिन्यांच्या मळाचा ढग दिसण्यासारखा असतो. नंतर खडा धरणारे सोन्याचे काटे असतात त्यांच्या मुळाशी तसंच करा आणि खड्याचा माथा शेवटी. सुई, टाचणी, सेफ्टी पिन लावू नका. त्यांनी हिऱ्याला काही होत नाही, पण सोन्यावर ओरखडा उठतो आणि बारीक काटा वाकतो. काही चिवट अडकलंच असेल तर लाकडी टूथपिकचं टोक पाण्यात मऊ करून हलकेच लावा.

खळबळून काढायला दुसरी वाटी घ्या. नळाखाली धरायचीच असेल तर चहाच्या गाळणीत ठेवून धरा आणि मोरीचं भोक आधी फडक्याने बंद करा. ज्या घरांत मोरीचं पाणी थेट परसातल्या अळवात जातं, तिथे हरवलेल्या अंगठीसाठी अख्खं अळू उपटावं लागतं.

पुसायला धुऊन धुऊन मऊ झालेलं मलमल किंवा जुनं धोतर घ्या. टर्किश टॉवेलचे धागे काट्यात अडकतात. पुसल्यावर अर्धा तास फडक्यावर उलटी ठेवा आणि मग खिडकीच्या उजेडात वरून बघा. मधला राखाडी ठिपका राहिला असेल तर खाली तेल शिल्लक आहे, साबणाचं पाणी पुन्हा करा. त्यानंतर अंगठी उचलताना कड्याला धरा, खड्याला नाही.

हे आठवड्याला एकदा केलंत तर दहा मिनिटांत होतं. प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा असेल तरी कृती हीच.

मालवणहून: मी असंच साबणाने धुते, पण वाळल्यावर खड्यावर पांढरट डाग येतात. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं, त्याचा संबंध असेल का?

तोच संबंध आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरींत एप्रिल-मेमध्ये गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि खारं पाणी आत शिरतं. ते खड्यावर वाळलं की मीठ आणि क्षार मागे राहतात. शेवटचं खळबळणं पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याने करा आणि आपोआप वाळू न देता लगेच टिपून घ्या. दोन चमचे पाणी पुरतं. पावसाळ्यात चार मोठ्या सरी पडून कौलं धुतली गेल्यावर पागोळीखाली धरलेलं पाणी गाळून घेतलंत तर त्याहून बरं काही नाही, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

जुना पांढरा थर बसलाच असेल आणि अंगठीत फक्त सोनं आणि हिरा असेल, तर अर्धी वाटी पाण्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर घालून त्यात दहा मिनिटं ठेवा आणि नंतर साबणाने धुवा. दुसरा कुठलाही खडा असेल तर हे करू नका. कारण खाली रत्नागिरीच्या पत्राच्या उत्तरात आहे.

चिपळूणहून: आई म्हणते टूथपेस्टने घास, आत्या म्हणते चुलीची राख, शेजारीण म्हणते खायचा सोडा आणि लिंबू, आजी म्हणते रिठे. कोणाचं ऐकू?

आजीचं. बाकीचे तिघेही घासून घालवायच्या वाटेचे आहेत, आणि सोनं घासण्याची वस्तू नव्हे.

सोन्याची कठिणता दहाच्या पट्टीवर अडीच ते तीन. बावीस कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, ते मऊच. अठरा कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं असतं आणि उरलेल्या चांदी-तांब्यामुळे ते थोडं टणक होतं, पण तरी मऊच. राखेत वाळूचा अंश असतो. टूथपेस्टमध्ये दात घासायला सिलिका नाहीतर खडूची पूड घातलेली असते. दाताचं कवच तिला पुरून उरतं, अंगठीचा आरसा उरत नाही. पहिल्या दिवशी अंगठी उजळलेली दिसते, कारण मळाबरोबर सोन्याचा वरचा थरही निघालेला असतो. दहा-बारा वेळा झालं की झिलई जाऊन सोनं दुधाळ, धुरकट दिसायला लागतं आणि मग पॉलिश करून घ्यावं लागतं. पॉलिश म्हणजे पुन्हा थोडं सोनं कमी. खायचा सोडा पाण्यात विरघळल्यावर निरुपद्रवी, पण कोरडी पूड बोटाने चोळली तर बावीस कॅरेटवर केसाएवढ्या रेघा उठतात. लिंबू सोन्या-हिऱ्याचं काही बिघडवत नाही, आणि तेल काढायला काही मदतही करत नाही.

रिठ्याची गोष्ट निराळी. त्याच्या सालीत सॅपोनिन नावाचा पदार्थ असतो, तो साबणासारखा फेस देतो आणि तेल सोडवतो. त्यात कण नाहीत. सोनार मंडळी दागिने धुवायला रिठ्याचं पाणी वापरत आली आहेत ती उगाच नव्हे. चार-पाच रिठे फोडून बिया काढा, साली एक पेला पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, निवल्यावर दुहेरी फडक्यातून गाळा. गाळण्यात आळस केलात तर सालीचा चिकट गर कोंदणात बसतो आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते. कोमट असताना अंगठी वीस मिनिटं बुडवा, बाकी ब्रशचं काम वर सांगितलं तसंच. डोळ्यात थेंब जाऊ देऊ नका, फार झोंबतं. खरं सांगायचं तर भांड्यांच्या लिक्विडपेक्षा यात जास्त काही मिळत नाही, पण आजीला बरं वाटेल.

कोकमाच्या पाण्याने तांब्या-पितळेची भांडी लख्ख होतात म्हणून तेही काहींनी विचारलं आहे. ते भांड्यांपुरतंच ठेवा.

रत्नागिरीहून: साखरपुड्यात मुलाला पुष्कराज आणि सुनेला मोती घातलेल्या अंगठ्या झाल्या. घरात आधीची पोवळ्याची आणि पाचूची अंगठी आहेच. या सगळ्या एकदम एका वाटीत धुतल्या तर चालतील?

एकदम एका वाटीत तर नकोच. एक तर खडे एकमेकांवर घासतात. त्यात हिरा असेल तर तो बाकी सगळ्यांना ओरखडतो, डब्यातही त्याला वेगळ्या फडक्यात ठेवावं. दुसरं म्हणजे या चौघांची प्रकृती एकसारखी नाही.

मोती आणि पोवळं दोन्ही मुळात चुन्याचेच, शंख-शिंपल्यांच्या जातीचे. आम्ल लागलं की विरघळायला लागतात: लिंबू, व्हिनेगर, कोकमाचं आगळ, सगळं वर्ज्य. शिंपल्यावर लिंबू पिळलं की बुडबुडे येतात, तेच मोत्यावर बारीक प्रमाणात घडतं आणि त्याचा तुकतुकीतपणा जातो, तो परत आणता येत नाही. शिवाय अंगठीतला मोती काट्यांनी धरलेला नसतो. त्याला अर्धं भोक पाडून सोन्याच्या खुंटीवर गोंदाने बसवलेलं असतं. पाण्यात भिजत ठेवला की गोंद सैल होतो आणि एक दिवस नुसती खुंटी बोटावर राहते. म्हणून मोती धुवायचा नाही, पुसायचा. मऊ फडकं साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, मोती पुसा, लगेच कोरड्या फडक्याने टिपा. ब्रश नाही. अत्तर, पावडर, क्रीम सगळं आवरून झाल्यावर अंगठी घालायची आणि घरी आल्यावर आधी अंगठी काढायची, एवढ्याने मोत्याचं निम्मं आयुष्य वाचतं. पोवळ्याचंही तसंच; त्याला रंग दिलेला असण्याची शक्यता असते, म्हणून स्पिरिट किंवा सॅनिटायझरही लावू नये.

पाचूत जन्मजात बारीक भेगा असतात. त्या दिसू नयेत म्हणून बहुतेक पाचूंत रंगहीन तेल किंवा राळ मुरवलेली असते. गरम पाणी, साबणात तासभर भिजवणं, चष्म्याच्या दुकानातलं कंपनाचं अल्ट्रासॉनिक यंत्र, या तिन्हींनी ते तेल बाहेर येतं आणि काल स्वच्छ दिसणाऱ्या खड्यात आज भेगांचं जाळं दिसतं. पाचूला साध्या पाण्यात साबणाचा एक थेंब, मऊ ब्रशचे हलके चार-दोन हात, लगेच खळबळून पुसणं. दोन मिनिटांत काम संपलं पाहिजे.

पुष्कराज खरा असेल तर त्याच्यासारखा सोशिक खडा नाही. तो नीलमाचाच पिवळा भाऊ, कठिणता नऊ. त्याला हिऱ्याचीच कृती चालते. पण पुष्कराज म्हणून पिवळा टोपाझ किंवा ‘सुनेला’ (सिट्रीन) नावाचा पिवळा खडाही विकला जातो. टोपाझ कठीण असला तरी एका पातळीत सरळ दुभंगतो, म्हणून फरशीवर पडू देऊ नका आणि अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू नका. साबणाचं कोमट पाणी तिघांनाही चालतं, तेव्हा बिलावर काय लिहिलंय याची खात्री नसेल तर तेवढ्यावर थांबा.

पत्रात माणिक नाही, तरी सांगून ठेवतो. स्वस्त आणि मोठ्या माणकांत भेगा बऱ्याचदा शिशाच्या काचेने भरलेल्या असतात. अशा माणकाला नुसत्या लिंबाच्या रसाने खड्डे पडतात. माणकाजवळ कुठलंही आंबट नेऊ नका.

ग्रहाच्या खड्यांची अंगठी खालून उघडी ठेवतात, खडा कातडीला लागावा म्हणून. त्यामुळे घाम आणि तेल खालून थेट खड्यावर बसतं, पण धुणंही सोपं जातं. उलट, मागे सोन्याचा पत्रा असलेलं बंद कोंदण भिजवलं की पाणी आत अडकतं. अशा अंगठीला ओल्या फडक्यापलीकडे काही नको. कुंदनकामाची असेल तर पाणीच नको, आत लाख आणि चमकीचा वर्ख असतो.

गुहागरहून: हळदीच्या दिवशी अंगठी बोटातच राहिली. संध्याकाळी साबणाने धुवायला घेतली तर फेस लाल झाला, अगदी कुंकवासारखा. सोन्यातून काही उतरतंय का?

कुंकवासारखा म्हणालात ते नेमकं आहे. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. हळदीतलं पिवळं द्रव्य साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थात लाल-तपकिरी होतं. सोन्यातून काहीही उतरलेलं नाही. दोन-तीन पाणी बदललीत की फेस पांढरा होईल. कोपऱ्यात पिवळी रेघ राहिलीच तर कान साफ करायच्या कापसाच्या काडीला औषधाच्या दुकानातलं स्पिरिट लावून टिपा, हळद स्पिरिटमध्ये सुटते. हे फक्त सोनं आणि हिरा असेल तरच. मोत्यावर हळद बसली असेल तर ती त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसायला हवी, मुरली की निघणं कठीण.

सावंतवाडीहून: फणस फोडताना अंगठी काढायला विसरले. चीक खड्याखाली जाऊन काळा पडलाय. साबण, गरम पाणी, काहीच लागू पडत नाही.

हाताला लागलेला चीक कशाने काढता? तेच करा. चीक साबणाला दाद देत नाही, तेलाला देतो. खोबरेल किंचित कोमट करून अंगठी त्यात पंधरा मिनिटं बुडवा. चीक मऊ होऊन दोऱ्यासारखा ओढला जाईल, तो टूथपिकने काढा. मग ते तेल काढायला देवगडच्या पत्रातली साबणाची कृती, या वेळी दोनदा. हिऱ्याला मुद्दाम तेलात बुडवायचं हा एकच प्रसंग.

काजू सोलताना मात्र अंगठी आधी काढाच. बोंडाचं नाही, बियांच्या टरफलाचं तेल म्हणतोय. ते कातडी जाळतं, आणि अंगठीखाली अडकलं तर तिथेच फोड येतो.

अलिबागहून: अंगठी पांढऱ्या सोन्याची आहे. आठवड्याला स्विमिंग पूल, सुट्टीत समुद्र. वर्षभरात ती खालून पिवळट दिसायला लागली. क्लोरीनमुळे?

पिवळटपणा क्लोरीनचा नाही. पांढरं सोनं मुळात पूर्ण पांढरं नसतंच, थोडं पिवळसर असतं. त्यावर रोडियम या धातूचा पातळ मुलामा दिलेला असतो. तळहाताकडची बाजू स्कूटरच्या हँडलवर, बादलीच्या कडीवर सतत घासते, तिथला मुलामा आधी जातो. धुऊन तो परत येणार नाही. सराफाकडे रोडियम पुन्हा चढवून मिळतं आणि रोज वापरल्यास एक-दोन वर्षांनी ते लागतंच. टूथपेस्टने घासलंत तर त्याच्या निम्म्या वेळात.

क्लोरीनचं नुकसान दिसत नाही म्हणून जास्त वाईट. ते शुद्ध सोन्याला फारसं काही करत नाही, पण त्यातल्या चांदी, तांबं, निकेलवर बसतं. काट्यांमध्ये वाकवल्याचा ताण आधीच असतो, तिथे बारीक तडे जातात. एक दिवस काटा तुटतो आणि खडा पाण्यात. पूलमध्ये अंगठी नको. आणि घरातला क्लोरीन पूलपेक्षा कितीतरी तीव्र असतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात ब्लीचिंग पावडर टाकताना, विहिरीसाठी टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर) कालवताना, संडास धुताना अंगठी बोटात असते की नाही ते बघा.

समुद्राच्या पाण्याने सोन्याला काही होत नाही. धोका निराळा: गार पाण्यात बोट आकसतं, ओली कातडी निसरडी होते आणि लाट अंगठी ओढून नेते. शिवाय रेती. रेतीचा कण सोन्यापेक्षा कितीतरी कठीण. समुद्रावरून आल्यावर अंगठी पुसायची नाही, आधी वाटीभर पाण्यात हलवून रेती खाली बसू द्यायची. पुसलीत तर तीच रेती पॉलिश पेपरचं काम करते.

दापोलीजवळच्या एका गावातून: दारावर दोघं आले होते, दागिने पॉलिश करून देतो म्हणाले. समोरच पावडर लावून जोडवी चकचकीत करून दाखवली. अंगठी दिली नाही, पण मोह झाला होता. त्यात गैर काय?

दिली नाहीत हे फार बरं केलंत. जोडवी चांदीची, ती विश्वास बसावा म्हणून असतात. सोन्याचा दागिना ते एका द्रावणात बुडवतात. दहावीच्या विज्ञानात आम्लराज शिकवतात, हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचं तीनास एक मिश्रण. सोनं विरघळवणारं ते. मिनिटभरात दागिन्याचा वरचा थर त्या भांड्यात उतरतो, दागिना खरोखर उजळ दिसतो आणि भांडं घेऊन मंडळी निघून जातात. विरघळलेलं सोनं नंतर परत मिळवता येतं. काही वेळा हळदीच्या पाण्यात ठेवून "अर्ध्या तासाने उघडा" असं सांगतात, तो अर्धा तास त्यांना वाडीबाहेर पडायला हवा असतो.

पॉलिश ओळखीच्या सराफाकडेच, आणि देण्याआधी व घेतल्यावर वजन तुमच्यासमोर काट्यावर. अंगठीच्या आतल्या बाजूला हॉलमार्कचे ठसे असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा, उदाहरणार्थ अठरा कॅरेटला ७५०, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर हा क्रमांक सक्तीचा आहे. 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये तो घातला की दागिन्याची नोंद दिसते. अंगठी दुसऱ्याच्या हाती देण्याआधी या ठशांचा भिंगातून फोटो काढून ठेवा. वरचेवर पॉलिश केलं तर हेच ठसे पुसट होतात.

राजापूरहून: अंगठी कानाजवळ हलवली की बारीक टिकटिक ऐकू येते. झटपट गोंदाचा एक थेंब टाकू का?

नको. खडा सैल झालाय, आणि गोंद पैलूंवर पसरला की वरच्या प्रश्नांत सांगितलेलं धुरकटपण येतं. सोनार काटे दाबून देतो, काम दहा मिनिटांचं. तोवर घालू नका, ब्रशही लावू नका, कारण बऱ्याचदा मळच अशा खड्याला धरून असतो. धुतली की खडा निखळतो. दर धुण्याआधी ही टिकटिक ऐकायची सवय लावा. दुसरी परीक्षा मलमलीची: खड्यावरून मलमल हलकेच ओढली आणि धागा अडकला तर एखादा काटा उचललेला आहे.

वेंगुर्ल्याहून: सगळं वाचते, पण माझी अंगठी मुळात निघतच नाही. मे महिन्यात तर बोट सुजल्यासारखं होतं. धुवायची कशी?

पहाटे प्रयत्न करा, तेव्हा उकाडा कमी असतो. हात डोक्याच्या वर पाच मिनिटं धरा, मग गार पाण्यात पाच मिनिटं. बोटाला साबणाचा फेस किंवा खोबरेल लावून अंगठी सरळ ओढू नका, आळीपाळीने फिरवत पुढे आणा.

तरी नाही निघाली तर दोरा. शिवणाचा नायलॉनचा दोरा हातभर घ्या. एक टोक अंगठीखालून तळहाताकडे सरकवून बाहेर काढा. दुसऱ्या टोकाने अंगठीला लागून, पेराच्या सांध्यापलीकडेपर्यंत, वेढ्याला वेढा चिकटवून बोट गुंडाळा. आता तळहाताकडचं टोक धरून नखाच्या दिशेने उलगडत जा. प्रत्येक वेढ्याबरोबर अंगठी थोडी पुढे सरकते. सांध्यावर थोडं दुखेल. गुंडाळल्यापासून दोन-तीन मिनिटांत आटपा, जमलं नाही तर दोरा सोडून टाका.

बोट निळं पडलं, बधिर झालं किंवा त्याला मार लागलेला असेल तर हे काहीच करू नका, थेट हॉस्पिटल गाठा. तिथे अंगठी कापायचं छोटं कटर असतं. कापलेली अंगठी सोनार मापाने वाढवून जोडून देतो. तुकडे तेवढे मागून घ्या, गडबडीत ते तिथेच राहतात.